होळीनंतर गोधडी कोण घेणार? वसंतातलं गोधडी व्यवसायाचं नियोजन



पळस फुललाय, आंब्याला मोहर आलाय, दुपारी पंखा लावावा लागतोय. घरी गोधड्या शिवणाऱ्यांना मात्र हा वसंत जरा धास्तीचाच. 'होळी जळाली, थंडी पळाली' म्हणतात, आणि थंडीबरोबर गिऱ्हाईकही पळतं. डिसेंबरच्या प्रदर्शनात जिला हात लावायला गर्दी होती, तीच गोधडी मार्चमध्ये कपाटात पडून असते. नेमका याच वेळी एखादा व्यापारी म्हणतो, "उरलेल्या सगळ्या द्या, निम्म्या भावात उचलतो."

द्यायच्या का? 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी एक हिशोब करा.

गोधडीत पैसा नाही, वेळ अडकतो

एका माणसाची गोधडी घ्या, 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब. एकेक इंचावर धावदोऱ्याची ओळ घातली तर झाल्या 60 ओळी. आता घड्याळ लावून एक ओळ घाला. समजा 20 मिनिटं लागली. म्हणजे 60 ओळींना 20 तास. कापड धुणं, कापणं, जोडणं वेगळंच.

दोरा, काठाची पट्टी, धुलाई मिळून 200 रुपये धरू. गोधडी 900 ला विकली तर उरले 700. भागिले 20 तास, म्हणजे ताशी 35 रुपये. व्यापाऱ्याने 450 दिले तर हातात 250, ताशी साडेबारा! हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण काढाच.

आणि असा माल दहा नग पडून असेल, तर सामानाचे अडकलेत फक्त 2,000 रुपये, पण तुमचे अडकलेत 200 तास. म्हणून घाबरून विकू नका. गोधडी काही भाजी नाही, की संध्याकाळी सुकून जाईल. उन्हात तापवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती कापडात बांधून ठेवा. ऑक्टोबरात ती पुन्हा ताजा माल असते. मात्र पुढचे 200 तास कुठे घालायचे, ते आजच ठरवा.

1. आता लहान शिवा

वसंत-उन्हाळ्यात जाड पांघरूण कोणी विकत घेत नाही, पण बाळं बारा महिने जन्मतात. 30 बाय 36 इंचाची बाळगोधडी घ्या. ओळी 30, आणि त्याच वेगाने प्रत्येक ओळीला 8 मिनिटं. झाले 4 तास. सामान 80 रुपये, विक्री 450. उरले 370, म्हणजे ताशी 92 रुपये. तीच सुई, तोच हात, पण मोठ्या गोधडीच्या अडीचपटीहून जास्त मोबदला! कारण लहान वस्तूची किंमत गिऱ्हाईक इंचावर मोजत नाही.

बाळाच्या अंगाला लागणारे दोन्ही थर नव्या, मऊ सुती कापडाचे घ्या. आधी धुऊन घ्या, म्हणजे आकसायचं ते आकसेल. रंग जातो का ते बघायला ओला पांढरा रुमाल कापडावर घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा.

रंग निवडताना खिडकीबाहेर बघा. पळसाचा केशरी, आंब्याच्या कोवळ्या पानांचा तांबूस, चैत्रपालवीचा पोपटी. पाडव्याच्या आसपास हेच रंग डोळ्यात भरतात.

एसी लावून झोपणाऱ्यांसाठी दोन सुती साड्यांची पातळ दोहरही चालते. दोनच थर, ओळी विरळ, त्यामुळे वेळही कमी.

2. मोठी गोधडी फक्त ऑर्डरवर

कोल्हापूर-साताऱ्याकडे हिलाच वाकळ म्हणतात. आपल्याकडे गोधडी शिवायचा खरा मोसम पूर्वीपासून उन्हाळाच. सुगी उरकली, कुरडया-पापड वाळत पडले, की बायका गोधडी पसरायच्या. कारण साधं आहे: ऊन कडक, कापड धुतलं की तासाभरात वाळतं. पावसाळ्यात तेच कुबट होतं.

पण विकायचा मोसम हिवाळा. या मधल्या सहा-सात महिन्यांचा भार तुम्ही एकट्याने उचलू नका. गिऱ्हाइकाला सांगा, "आईच्या, आजीच्या जुन्या साड्या आत्ता द्या, दिवाळीपर्यंत गोधडी देते." कापड त्यांचं, मजुरी तुमची, आणि निम्मी रक्कम आगाऊ. साड्या घेताना प्रत्येकीचा फोटो काढा. विरलेला भाग दाखवून तिथेच ठरवा, कुठली साडी वर येणार, कुठली आत जाणार. आठवणीचं कापड आहे. एकदा कात्री चालली की परत जोडता येत नाही.

3. वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

- फेब्रुवारी-मार्च: उरलेला माल मोजा, कापड गोळा करून धुवा, ऑर्डरी घ्या.
- एप्रिल-मे: मोठ्या गोधड्यांची जोडणी. लहान मालाची विक्री चालू.
- जून-ऑगस्ट: घरात बसून धावदोरा. प्रदर्शनांच्या स्टॉलची चौकशी याच काळात करा. पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरात असते, नोव्हेंबरात जागे होऊन उपयोग नाही.
- सप्टेंबर-जानेवारी: विक्री, आणि पूर्ण भावात.

आजचं काम

वही घ्या. एक ओळ घाला, मिनिटं लिहा. ओळींनी गुणा, तास काढा. विक्रीतून सामान वजा करून तासांनी भागा. जो आकडा येईल, तेवढ्या पैशात दुसऱ्याच्या घरी जाऊन तुम्ही हेच काम कराल का? उत्तर 'नाही' असेल, तर गोधडीचा भाव बदला, नाहीतर वस्तू बदला.

व्यापारी पुन्हा दारात आला, की ही वही जवळ असू द्या.