दर आठवड्याला भेटणारा नायक

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) मधून दैवी शक्तीचा नायक पडद्यावर आणला. म्हणजे या परंपरेवर पहिला हक्क सिनेमाचा, आणि नाशिकचाही. तरीही आज पस्तिशी-चाळिशीतल्या पिढीच्या मनात ‘क्रिश’पेक्षा ‘शक्तिमान’ खोल रुजला आहे, असं मला ठामपणे वाटतं. ‘क्रिश’ (२००६) तांत्रिकदृष्ट्या कितीतरी सफाईदार. पण सिनेमा तीन तासांत संपतो. ‘शक्तिमान’ १९९७ ते २००५ दूरदर्शनवर येत राहिला, मुलं त्याच्यासोबत वाढली. भागाच्या शेवटी तो लहानसहान सवयींबद्दल थेट त्यांच्याशी बोलायचा. एवढी जवळीक ‘बाजी’सारख्या (२०१५) प्रामाणिक मराठी प्रयत्नाला एका चित्रपटात कशी साधणार?

तेव्हा दुसरं काही पाहायलाच नव्हतं, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. १९९८मध्ये ‘कॅप्टन व्योम’ही दूरदर्शनवरच आला, तो इतका टिकला नाही. तो भविष्यातल्या अंतराळात लढत होता. मुकेश खन्ना यांचा शक्तिमान मात्र एरवी गंगाधर बनून, चष्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरीत धडपडायचा, वरिष्ठांची बोलणी खायचा. अशी माणसं मुलांच्या घरातच होती.