माल आपला, नाव दुसऱ्याचे

ताग्यावर दुसऱ्याचा शिक्का मारायचा तर त्याची परवानगी लागते, हे आम्ही कापडवाले जाणतो. व्हिडिओ गेमच्या कारोबारातही हाच कायदा चालतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या गेमचे उदाहरण घ्या.

तेथे नावांचे मालक दोन. संघांची नावे व चिन्हे मेजर लीगची, तर खेळाडूंची नावे वापरण्याचा परवाना त्यांची संघटना देते. १९८८ च्या टेंजेन कंपनीच्या 'आर.बी.आय. बेसबॉल'मध्ये खेळाडू खरे होते, पण संघांना फक्त शहरांची नावे होती. १९९४ साली निन्टेन्डोने केन ग्रिफी ज्युनियरच्या नावाने गेम काढला. त्यात उलटे झाले. संघ खरे, पण ग्रिफीखेरीज बाकी खेळाडूंची नावे बनावट!

खरा फटका २००५ साली बसला. टेक-टू कंपनीने लीगशी २०१२ पर्यंतचा करार केला. कन्सोल बनविणाऱ्या कंपन्या सोडून इतर कोणालाही लीगचे नाव मिळेना. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'एमव्हीपी बेसबॉल' कन्सोल व संगणक दोन्हींवर खेळला जाई व नावाजलेला होता. २००५ ची आवृत्ती शेवटची ठरली. पुढे कॉलेज संघांचे दोन गेम काढून ही मालिका बंद पडली. कसब तेच होते, नाव मात्र गेले होते. सोनी स्वतः कन्सोल बनविते, म्हणून तिचा गेम चालू राहिला. टेक-टूनेही २०१३ च्या आवृत्तीनंतर हात आखडला.

उसन्या नावावर दुकान मांडणाऱ्याने नफ्याआधी कराराची मुदत वाचावी, एवढेच आमचे सांगणे.