अम्मीच्या फोनचे दार

अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दवाखान्याने मेसेजने कळवली होती. तो मेसेज तिने पाहिलाच नाही. त्यावर कर्ज, रमी आणि प्लॉटच्या जाहिरातींचे तीसेक मेसेज साचले होते. तारीख निघून गेली आणि पुढचा नंबर लागायला दीड महिना गेला. मी चिडलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बेटा, रोज एवढा कचरा येतो. त्यात कामाचं कुठलं, ते मी कसं ओळखू?"

चूक तिची नव्हती. फोन मी घेऊन दिला होता, पण त्याचे सेटिंग कधी उघडून पाहिले नव्हते. घरी येणारा माणूस दारात थांबतो, सलाम करतो, आत येऊ का म्हणून विचारतो. फोनचे दार मात्र आपण सताड उघडे ठेवतो.

रविवारी दुपारी आम्ही मायलेक फोन घेऊन बसलो.

पहिले काम १९०९ या क्रमांकाचे. अम्मीच्या नंबरावरून इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून, एक जागा सोडून, शून्याचा आकडा टाकला आणि १९०९ वर पाठवला. जाहिरातींचे कॉल आणि मेसेज नकोत, अशी ही नोंद. ती लागू व्हायला काही दिवस लागतात. बँकेचे ओटीपी आणि व्यवहाराचे मेसेज यामुळे बंद होत नाहीत. नोंदीनंतरही कुणी त्रास दिला, तर सात दिवसांच्या आत १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर तक्रार करता येते.

दुसरे काम व्हॉट्सॲपचे. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग ग्रुप्स. तिथे 'एव्हरीवन' होते, म्हणजे कुणीही अम्मीला ग्रुपमध्ये ओढू शकत होते. ते बदलून 'माय कॉन्टॅक्ट्स' केले. 'दुप्पट पैसे' देणाऱ्या ग्रुपमध्ये अनोळखी लोक असेच भरती करतात. त्याच प्रायव्हसीत 'कॉल्स'मध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू केले. आता व्हॉट्सॲपवर अनोळखी कॉलची घंटी वाजत नाही, पण तो यादीत दिसतो. शेवटी अकाउंटमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन ठेवला.

तिसरे काम मेसेज ओळखण्याचे. कंपन्यांच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी अक्षर असते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'टी' म्हणजे व्यवहार, 'एस' म्हणजे सेवा, 'जी' म्हणजे सरकारी. अम्मीने हे पटकन लक्षात ठेवले. "पी म्हणजे पुसून टाक," तिचे तिनेच ठरवले. दवाखान्याचा नंबरही नावानिशी सेव्ह केला.

एवढ्याने सगळे थांबते असे नाही. फसवणारे लोक साध्या दहा आकडी नंबरावरून बोलतात, ते कुठलीच नोंद जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी घरात एकच नियम केला: ओटीपी कुणालाही सांगायचा नाही आणि अनोळखी लिंक उघडायची नाही. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० ला फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

हे सगळे अर्ध्या तासात झाले. वाचकहो, तुमच्याही घरी अम्मी, अब्बा, नानी असतील. त्यांच्या हातातून फोन घेऊन भराभर बटणे दाबू नका. शेजारी बसा, त्यांच्याच बोटाने करून घ्या. मी घाई करत होतो, तेव्हा अम्मीनेच मला थांबवले. म्हणूनच पुढच्या आठवड्यात तिने खालाचा फोन स्वतः नीट करून दिला.

दुसऱ्या तारखेचा मेसेज आला, तो तिनेच मला वाचून दाखवला. ऑपरेशन झाले. आता ती चष्म्याशिवाय मेसेज वाचते आणि 'पी' दिसला की पुसते.