पोड, तांडा आणि शाळा : शिकण्याविषयीचे गैरसमज

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडावरच्या अनेक घरांत कोलामी बोलली जाते. ती द्रविड कुळातील भाषा आहे. काही गोंड घरांत गोंडी, पुसद-दिग्रसकडील बंजारा तांड्यांवर गोरमाटी आणि बहुतेक इतर घरांत वऱ्हाडी चालते. शाळेचे पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. मुले कशी शिकतात याविषयीचे बरेच गैरसमज या तफावतीतून जन्मतात.

पहिलीत महिनोन्‌महिने गप्प बसणारे मूल मंद समजले जाते. प्रत्यक्षात नवी भाषा कानावर पडू लागली की अनेक मुले आधी नुसती ऐकतात आणि बोलणे पुढे ढकलतात. त्यात माणसाची कार्यरत स्मृती तोकडी असते. एका वेळी मोजक्याच गोष्टी तिच्यात मावतात. ‘पाच आंब्यांपैकी दोन वाटले, उरले किती?’ या प्रश्नातील ‘पैकी’ आणि ‘उरले’ यांचा अर्थ लावण्यातच ती भरून गेली, तर वजाबाकीला जागा राहत नाही. उत्तर चुकते आणि प्रगतिपुस्तकात नोंद होते ती ‘गणित कच्चे’ अशी.

घरची भाषा सुटल्याशिवाय मराठी येणार नाही, हा समज त्याहून चिवट आहे. त्याला एके काळी संशोधनाचाही आधार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत द्विभाषिक मुले मागे दिसत. पण ती बरीचशी गरीब स्थलांतरितांची मुले होती आणि चाचणी नव्या भाषेत होती. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमध्ये सारख्या आर्थिक स्थितीतील दहा वर्षांची मुले निवडून तुलना केली, तेव्हा द्विभाषिक मुले सरस ठरली. हा लाभ नेमका किती, यावर पुढे वाद झाले. पण दोन भाषांमुळे बुद्धी गोंधळते ही भीती काही टिकली नाही. पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते, असे जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले. राज्यघटनेचे कलम ३५०-अ (१९५६) भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते. हेच बोलीलाही लागू आहे : ‘मला’ऐवजी वऱ्हाडी मूल म्हणते ते ‘मले’ही चूक नाही, त्या बोलीच्या व्याकरणात ते अगदी बरोबर आहे.

गणिताबाबतही अशीच गल्लत होते. कापसाच्या वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे वजन आणि मजुरीचा हिशेब घराघरांत तोंडी चालतो. तो करणारे मूल पाटीवर अडखळले की त्याला गणितात गती नाही, असा निष्कर्ष निघतो. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांनी विक्री करताना सुमारे ९८ टक्के हिशेब अचूक केले, कागदावरच्या तशाच उदाहरणांत मात्र ३७ टक्केच. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास पाचच मुलांचा होता. पण दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांतील मुलांवरील २०२५ च्या मोठ्या अभ्यासातही तेच चित्र दिसले. त्यात उलट बाजूही होती : शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारी हिशेब जमेना. एका जागी शिकलेले दुसरीकडे आपोआप जात नाही; शिक्षकाला तो सांधा जुळवून द्यावा लागतो.

धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो पक्का होतो, हा समज मात्र सर्वच घरांत सारखा. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी म्हणूनच फसवी ठरते.

‘हा पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ ही प्रशिक्षण वर्गांतील लाडकी विभागणीही तपासणीत टिकलेली नाही. अशा शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असे हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या आढाव्यात आढळले. पैनगंगेचा प्रवाह नकाशावर दाखवावा लागतो, कवितेची चाल ऐकवावी लागते, आणि हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला लागू आहे.