विश्लेषण : अकोल्याच्या अंबादास यांची चित्रे मोबाइलवर सपाट का दिसतात?

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की नांदगाव पेठची एमआयडीसी मागे पडते आणि काळ्या मातीची शेते सुरू होतात. उन्हाळ्यात नांगरट झालेले हे रान भर दुपारी पाहिले तर नुसता काळपट पट्टा दिसतो. तेच रान संध्याकाळी साडेपाच-सहाला पाहावे. ऊन तिरपे झालेले असते, प्रत्येक ढेकळाला सावली आलेली असते, तासन्‌तास उठून दिसतो. शेत तेच, माती तीच. बदलली ती फक्त उजेडाची दिशा. अंबादास या चित्रकाराचे काम मोबाइलच्या पडद्यावर पाहणाऱ्याची अडचण नेमकी अशीच आहे. तो त्यांचे चित्र कायम भर दुपारीच पाहत असतो.

अंबादास कोण?

पूर्ण नाव अंबादास खोब्रागडे. कलाजगतात मात्र नुसते ‘अंबादास’. जन्म १९२२, अकोला. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. पुढे काही वर्षे त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. हातमागाला नव्या नक्ष्या मिळाव्यात म्हणून सरकारने काढलेल्या या केंद्रांमध्ये त्या काळी अनेक चांगल्या चित्रकारांनी काम केले. नांदगाव पेठचे नाव आज कापड उद्योगासाठी घेतले जाते. त्या परिसराला हा धागा परका वाटू नये.

१९६२ मध्ये बारा कलावंतांनी ‘ग्रुप १८९०’ स्थापन केला. नाव ऐकून कुणालाही ते साल वाटेल, पण हा आकडा भावनगरच्या ज्या घरात बैठक झाली त्या घराचा क्रमांक आहे. जगदीश स्वामीनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह, गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट यांच्या पंगतीत अकोल्याचे अंबादास होते. गटाचे एकच प्रदर्शन झाले, ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीत. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि प्रस्तावना लिहिली मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत, कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी. गट लवकरच पांगला. अंबादास १९७२ मध्ये नॉर्वेत ऑस्लोला स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. वऱ्हाडात त्यांचे नाव फारसे कुणाच्या तोंडी नाही, याला हे चाळीस वर्षांचे अंतरही कारण असावे.

त्यांच्या चित्रांत असते तरी काय?

झाड नाही, डोंगर नाही, माणूस तर नाहीच. रुंद ब्रशचे लांब, वळणारे, एकमेकांवरून जाणारे फटकारे असतात. रंग कुठे दाट साचलेला, कुठे पातळ होऊन ओघळल्यासारखा. पाहणाऱ्याला झाडाची साल आठवते, पुराचे गढूळ पाणी आठवते, खडकावरचे शेवाळ आठवते. पण यातले काहीही ‘काढलेले’ नाही.

इथे ‘पोत’ हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. पोत दोन प्रकारचा. एक, रंगाचा खराखुरा थर, ज्याला उंची असते आणि सावली पडते. दुसरा, डोळ्यांना वाटणारा. ब्रशचे केस ओल्या रंगातून फिरतात तेव्हा बारीक समांतर रेघा उमटतात, वखर फिरल्यावर मातीवर उमटतात तशा. त्या रेघांमुळे पातळ रंगही खडबडीत भासतो. अंबादास यांच्या फटकाऱ्यात या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात आणि कुठे उंची संपते, कुठे भास सुरू होतो, हे प्रत्यक्ष चित्राजवळ गेल्याखेरीज कळत नाही. छायाचित्र काढताना चकाकी टाळण्यासाठी दोन्ही बाजूंनी सारखा उजेड टाकतात. साहजिकच सावल्या मरतात. पडद्यावर उरतो तो रंग आणि आकार.

जाड रंग वाळतो कसा?

तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि वाळणारे तेल. हे तेल बहुधा जवसाचे. होय, वऱ्हाडात जिची चटणी भाकरीबरोबर खातात तीच जवस. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, पण जाड थर आतून कित्येक महिने ओला राहू शकतो. वरची साय आधी कडक झाली आणि आतला रंग मागाहून हलला, तर सुरकुत्या किंवा भेगा पडतात. म्हणून खाली कमी तेलाचा आणि वर जास्त तेलाचा थर, असा चित्रकारांचा जुना नियम आहे.

काळ्या जमिनीचे कारण वेगळे, पण वागणे ओळखीचे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते; वैशाखात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. दोन्हीकडे पृष्ठभाग म्हणजे आत जे घडले त्याची नोंदच.

मग चित्रात वऱ्हाडची माती शोधायची का?

मोह होतो, पण तो आवरलेला बरा. चित्र म्हणजे कशाची तरी प्रतिकृती, ही कल्पनाच ग्रुप १८९० ला मान्य नव्हती. अकोल्यात जन्मले म्हणून काळी माती आणि ऑस्लोत राहिले म्हणून बर्फ, अशी लेबले चिकटवली की पाहणे तिथेच थांबते.

शेतकऱ्याची नजर मात्र इथे कामी येते. रानात उभा राहून तो ‘हे कशासारखे दिसते’ असे विचारत नाही. नांगर कुठून आला, कुठे अडला, ओल कुठवर आहे, पाणी कुठून वाहून गेले, हे तो ढेकळांवरून सांगतो. अंबादास यांच्या चित्रासमोर नेमके हेच विचारायचे. ब्रश कुठून सुरू झाला, हात कुठे वळला, कोणता फटकारा आधीचा आणि कोणता त्यावर चढलेला, रंग कुठे संपत आला. ‘मॉडर्न आर्ट आपल्याला कळत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांकडे ही नजर आधीपासून असते. ती चित्रासाठी वापरता येते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, एवढेच.

मोबाइलवरच पाहायचे असेल तर?

अख्खे चित्र एकदा पाहून झाले की झूम करावे आणि एकच फटकारा टोकापासून टोकापर्यंत बोटाने सरकवत पाहावा. चित्राखाली दिलेले सेंटिमीटर वाचून तेवढी लांबी-रुंदी समोरच्या भिंतीवर हाताने मोजावी. मनगट फिरले की अख्खा हात, हे लगेच ध्यानात येते. थराची उंची मात्र फोन दाखवू शकत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात अंबादास यांचे काम आहे. तिथली मांडणी बदलत असल्याने जाण्याआधी चौकशी करावी. चित्र सापडलेच तर समोर उभे राहून झाल्यावर अगदी कडेला जाऊन तिरपे पाहावे, हात न लावता.