बौद्ध पद्धतीने लग्न झाले, आता जोडीदाराला परदेशी न्यायचे आहे: व्हिसासाठी नेमके काय लागते?



विहारात किंवा समाजमंदिरात मंगल परिणय होतो. बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात, वधूवर एकमेकांना प्रतिज्ञा देतात, पुष्पवृष्टी होते आणि शेवटी भारतीय बौद्ध महासभेचे किंवा विहाराचे छापील विवाह प्रमाणपत्र हातात पडते. आपल्याकडे अनेक घरांत ते फ्रेम करून भिंतीवर लावलेले असते. नवरदेवाची रजा संपते, तो दुबईला किंवा लंडनला परत जातो. पाच-सहा महिन्यांनी पत्नीच्या व्हिसाचा अर्ज भरायची वेळ येते आणि तेव्हा कळते की भिंतीवरचा तो कागद व्हिसासाठी चालत नाही. मग पळापळ, एजंट, आणि ज्या कामाला शंभर-दोनशे रुपये लागले असते तिथे हजारो रुपये.

ही पळापळ टाळता येते. त्यासाठी लग्नाचा विधी, लग्नाची नोंदणी आणि त्या नोंदणीचे प्रमाणीकरण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे आधी लक्षात घ्यावे लागते.

नोंदणी कोणत्या कायद्याखाली?

हा प्रश्न आपल्या तरुणांना सर्वात जास्त छळतो. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हा कायदा लागू केला आहे. ‘आम्ही २२ प्रतिज्ञा घेतलेली माणसे, मग लग्न हिंदू कायद्यात का?’ हा राग रास्त आहे आणि वेगळ्या कायद्याची मागणीही रास्त आहे. पण त्या मागणीसाठी पत्नीचा व्हिसा अडवून ठेवू नका. त्याच कायद्याच्या कलम ७ नुसार लग्न वधू किंवा वराच्या रूढ विधीप्रमाणे करता येते. सप्तपदी ज्यांच्या रूढीत आहे त्यांच्यासाठीच ती आवश्यक आहे. त्यामुळे होम नाही, सात फेरे नाहीत म्हणून आपले लग्न कमी दर्जाचे ठरत नाही.

महाराष्ट्रात प्रत्यक्ष नोंदणी बहुतेक वेळा तिसऱ्याच कायद्याखाली होते: महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८. महानगरपालिकेचे विभाग कार्यालय, नगरपालिका किंवा गावात ग्रामपंचायत इथे हे काम होते. वधूवर, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो, वयाचे व रहिवासाचे पुरावे आणि विधी लावणाऱ्याची सही. फॉर्मवर त्या जागी पुरोहित, भटजी, काझी असे शब्द छापलेले दिसतात. तिथे भन्तेजी किंवा बौद्धाचार्य सही करतात. एखादा कर्मचारी ‘भटजीचीच सही आणा’ म्हणाला तर वाद घालत बसू नका. महासभेच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि विवाह निबंधकाला लेखी अर्ज द्या. लेखी अर्ज आला की तोंडी नकार बहुधा गळून पडतो. विहाराचे प्रमाणपत्र इथे उपयोगाचे आहे, ते निरुपयोगी कागद नाही. पण ते लग्न लागल्याचा पुरावा आहे, सरकारी नोंद नव्हे.

जोडीदार मुस्लिम किंवा ख्रिस्ती असेल, किंवा दोघांनाही हिंदू कायद्याचा संबंधच नको असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, मग ३० दिवसांची वाट, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न व्हावे लागते, नाहीतर नोटीस पुन्हा. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात ३० दिवसांचा रहिवास हवा. तीन आठवड्यांच्या रजेवर येणाऱ्या मुलाने विमानतळावर उतरल्यावर हा विचार सुरू केला, तर हिशेब जुळणारच नाही. नोटिशीची तजवीज तो येण्याआधीच करावी लागते. आधी विहारात झालेल्या लग्नाचीही या कायद्याच्या कलम १५ खाली नोंद होते, मात्र नोंदणीच्या वेळी दोघांचेही वय २१ पूर्ण असावे लागते. तिथेही ३० दिवस आहेतच.

आधी सर्टिफिकेट, लग्न नंतर: यात अडकू नका

व्हिसाची घाई असली की कुणीतरी सुचवते, ‘आत्ता फक्त नोंदणी करून टाका, लग्न दिवाळीनंतर थाटात करू.’ एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला. दोघेही प्रशिक्षित वैमानिक. विधी न करता एका संस्थेकडून प्रमाणपत्र घेतले, त्यावर सरकारी नोंदणीही केली, प्रत्यक्ष समारंभ पुढे ठेवला, आणि तो होण्याआधीच संबंध बिघडले. न्यायालयाने सांगितले की हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. परदेशी जाण्यासाठी व्हिसा मिळावा म्हणून तरुण जोडपी असे करतात, याचाही निकालात उल्लेख आहे.

हा कायदा आपल्यालाही लागू असल्याने हा निकालही लागू आहे. म्हणून आधी दहा माणसांत का होईना, पण बौद्ध पद्धतीने रीतसर विधी, मग नोंदणी. आपला विधी तासाभरात होतो, त्याला ना मुहूर्त लागतो ना मांडव. तेवढाही नको असेल तर विशेष विवाह कायदा, कारण तिथे धार्मिक विधीची गरज नसते.

नावांचा घोळ

अर्ज अडकतात ते बहुतेक इथे. आपल्या समाजात आडनाव बदलण्याला इतिहास आहे आणि तो अभिमानाचा आहे. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे, अशी स्थिती असेल तर व्हिसा अधिकाऱ्याला तो इतिहास ठाऊक नसतो. राजपत्रात नाव बदलले असेल तर त्या राजपत्राची प्रत प्रत्येक अर्जासोबत हवी. लग्नानंतर पत्नीने नाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही आणि व्हिसासाठी तर अजिबात आवश्यक नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि त्याच नावाचे विवाह प्रमाणपत्र असेल तर काम सरळ होते. अर्धे बदललेले नाव सर्वात वाईट. युएईसाठी आणखी एक: पासपोर्टवर आडनावाचा किंवा नावाचा रकाना रिकामा असेल तर अडचण येते, तो आधी दुरुस्त करून घ्या.

दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि विवाह नोंदणीत ‘बौद्ध’ असेल तर काय, असे बरेच जण घाबरून विचारतात. व्हिसा अधिकारी नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि लग्नाची तारीख जुळते का ते बघतो. जातीचा दाखला या कामासाठी मागितला जात नाही, तो जोडूही नका.

दुसरे लग्न असेल तर पहिल्या लग्नाचा न्यायालयीन घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला लागतो. पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर केलेल्या काडीमोडीवर विसंबून अर्ज करू नका.

कोणत्या देशाला काय?

आखातात जाणाऱ्यांनी प्रमाणीकरणाचा फरक नीट समजून घ्यावा. भारत अपोस्टील करारात २००५ पासून आहे. सौदी अरेबिया, ओमान आणि बहारीन याही करारात आहेत, म्हणून तिथे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील पुरते. युएई, कतार आणि कुवेत करारात नाहीत. तिथे आधी राज्य शासनाची मोहोर, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाची, मग त्या देशाच्या दूतावासाची आणि शेवटी तिथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याची, अशी साखळी आहे. अपोस्टीलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये, वर सेवा केंद्राचे थोडे शुल्क. एजंट किती मागतो ते यावरून तपासा.

युएईत पत्नीला बोलावण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, अशी अट आहे. हुद्दा कोणता हे आता महत्त्वाचे नाही, पगार महत्त्वाचा. प्रमाणित विवाह प्रमाणपत्राचे अरबी भाषांतर, घराचा नोंदणीकृत भाडेकरार आणि पत्नीची वैद्यकीय तपासणी लागते. ती देशात उतरल्यापासून ६० दिवसांत निवासी व्हिसाची प्रक्रिया करायची असते. नोकरी पत्नीची असेल तर तीही पतीला बोलावू शकते, हे आपल्या नर्स भगिनींनी ध्यानात ठेवावे.

ब्रिटनचे नियम गेल्या काही वर्षांत सर्वात जास्त बदलले आणि त्याचा फटका थेट आपल्या मुलांना बसला. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर एका वर्षाच्या मास्टर्सला जाणारा विद्यार्थी १ जानेवारी २०२४ पासून साधारणपणे जोडीदाराला सोबत नेऊ शकत नाही. ती सवलत आता संशोधन पदव्यांना आणि सरकारी पैशावरच्या मोजक्या अभ्यासक्रमांना आहे. महाराष्ट्राची शिष्यवृत्ती यात बसते असे गृहीत धरू नका, आधी तपासून घ्या. शिक्षण संपल्यावरच्या ग्रॅज्युएट व्हिसावरही नव्याने जोडीदार बोलावता येत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसाची नोकरी मिळाल्यावरच दार उघडते, तेही पदवी पातळीच्या कामाला. केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासून कुटुंब आणता येत नाही. त्याआधीपासून त्या व्हिसावर असलेल्यांना सूट आहे. परदेशातून नव्या केअर वर्करची भरती तर जुलै २०२५ पासून बंदच झाली. ‘केअर व्हिसा देतो, बायकोसकट’ म्हणून कुणी आजही पैसे मागत असेल तर ती सरळ फसवणूक आहे. नोंदणीकृत नर्सची गोष्ट वेगळी, तिला कुटुंब नेता येते.

जिथे परवानगी आहे तिथे जोडीदारासाठी २८५ पौंड सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, किंवा कंपनीने जबाबदारी घेतल्याचे प्रायोजकत्व प्रमाणपत्रात नमूद हवे. खरा खर्च आरोग्य अधिभाराचा आहे: प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड. तीन वर्षांचे ३,१०५ पौंड अर्जासोबतच भरायचे, व्हिसाची फी वेगळी. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रातलीच लागते, जिल्हा रुग्णालयाचा दाखला चालत नाही. विवाह प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुटेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्या आयटीआयच्या मुलांतही जर्मनीची चर्चा आहे. तिथे काही प्रकारच्या परवान्यांवर जोडीदाराला जर्मन भाषेची ए-वन परीक्षा द्यावी लागते. ब्लू कार्डधारकाच्या आणि कुशल कामगार म्हणून निवास परवाना असलेल्याच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात ही परीक्षा होते. नवरा जर्मन शिकत असतानाच बायकोनेही शिकायला घेतले तर वर्ष वाचते, शिवाय तिथे गेल्यावर तिला नोकरी करायला मुभा आहे, तेव्हा भाषा कामाचीच.

अमेरिकेत एच-वन-बीच्या जोडीदाराला एच-फोर व्हिसा तुलनेने सहज मिळतो, पण कामाची परवानगी सगळ्यांना नाही. पतीची किंवा पत्नीची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच.

लग्न खरे आहे, हे दाखवायचे कसे?

आपली लग्ने साधी असतात. पांढरे कपडे, समोर तथागत आणि बाबासाहेबांची प्रतिमा, पुष्पहार, शंभर माणसांचे जेवण. परदेशी अधिकाऱ्याने मात्र भारतीय लग्न म्हणजे अग्नी, फेरे, कुंकू असेच पाहिलेले असण्याची शक्यता आहे. त्याच्यासाठी अर्जासोबत अर्ध्या पानाचे पत्र जोडावे: आम्ही बौद्ध आहोत, आमच्या विधीत हे असते, हे नसते, विधी अमुक विहारात अमुक तारखेला झाला. दोन्हीकडचे आईवडील, बौद्धाचार्य आणि वधूवर एका चौकटीत असलेले फोटो आठवणीने काढा. पाच-सहा पुरेत. लग्नपत्रिका, एकमेकांना पाठवलेले पैसे, भेटीची विमान तिकिटे आणि फोन-व्हॉट्सॲपच्या संपर्काचे थोडे नमुने जोडा. पाचशे पानांच्या गप्पा छापू नका, त्या कुणी वाचत नाही.

आणि भगिनींसाठी. जोडीदार म्हणून मिळालेला व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला असतो, त्याची नोकरी गेली की तुमचाही मुक्काम धोक्यात. म्हणून जाण्याआधी त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची, नोकरीच्या कराराची आणि घराच्या पत्त्याची प्रत स्वतःकडे ठेवा आणि एक संच माहेरी द्या. मूळ विवाह प्रमाणपत्राच्या दोन जादा प्रमाणित प्रती काढा. तिकडे पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात असू द्या. ब्रिटनमध्ये घरगुती हिंसाचार झाला तर कामगाराच्या जोडीदारालाही नवऱ्याला सोडून तात्पुरता स्वतंत्र निवास मागता येतो. नवरा तिकडे जाऊन संपर्कच तोडत असेल तर राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठीचा वेगळा कक्ष तक्रार घेतो. त्या तक्रारीलाही पहिला कागद लागतो तो विवाह नोंदणीचाच.

कार्यकर्त्यांनी एक करता येईल. येत्या हंगामात ज्या विहारात मंगल परिणय लागणार आहेत, तिथे बौद्धाचार्यांनी विधी संपताच नोंदणीचा भरलेला फॉर्म पुढे करावा. वधूवर, साक्षीदार, सही करणारे, सगळे तिथेच हजर असतात. सह्या त्याच मांडवात होतात आणि सोमवारी वधूवरांनी साक्षीदारांना घेऊन कार्यालयात जायचे तेवढे उरते.