संगणकातला गडी ठेवण्याआधी प्लॉट टाकून बघा

लोअर परळच्या गिरण्यांत आपल्या सातारा-रत्नागिरीकडची माणसं साच्यावर उभी राहिली. आता त्याच जागांवरच्या कचेऱ्यांत आपली पोरं संगणकापुढं बसतात. त्यांच्या तोंडी सध्या 'एआय एडिटर'चा बोलबाला आहे. एडिटर म्हंजे प्रोग्राम लिहायची वही. आधी ही वही पुढची ओळ सुचवायची, आता तिच्यात 'एजंट' आलेत. काम सांगितलं की एजंट फायली उघडतो, लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर स्वतःच दुरुस्त करतो. कर्सर, गिटहब कोपायलट ही त्यातली चलतीची नावं. एका माणसानं एकदम तीन-चार एजंट चालवायचे, असाही प्रकार आहे. लालबागकरांना हे ऐकून काय आठवेल ते सांगायला नको. एका विणकरानं दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, हा काही मालकांचा आग्रह १९२८ च्या गिरणी संपामागचं एक कारण होता.

पालक विचारतात, पोरगं दरमहा वर्गणी भरून हे घ्यायचं म्हणतंय, घ्यावं का? नवं वाण आलं की आपण काय करतो? शेजारी जुन्या वाणाचा प्लॉट ठेवतो नि मग तोलतो. इथंही तेच करावं.

परळच्या भाच्याकडं मी एक छोटी चाचणी घेतली. दादरच्या फुलबाजारातून शेतकऱ्याला येणारी पट्टी मांडायचा प्रोग्राम एजंटला करायला सांगितला. माल, दर, हमाली, गाडीभाडं, एवढंच. वीस मिनिटांत तयार! दिसायला झकास. पण झेंडू किलोवर जातो आणि गुलाब गड्डीवर. यानं गड्ड्याही किलोच धरल्या आणि त्या हिशेबानं हमाली कापली. वर स्वतःच तपासणी लिहून 'सर्व बरोबर' असा शेराही मारला, कारण तपासणीतही तोच घोटाळा होता. भाचा कामात हुशार, पण त्यानं जन्मात पट्टी बघितलेली नाही, त्याला कुठून कळणार? एका फूल उत्पादकानं कागद हातात घेताच चूक दाखवली.

वेगाचंही मनावर घेऊ नका. अमेरिकेतल्या मीटर या संस्थेनं २०२५ साली १६ अनुभवी प्रोग्रामरांना २४६ कामं दिली. कोणतं काम एआय घेऊन करायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. (ही रीत मूळची शेतीतलीच, १९२० च्या दशकात इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात फिशर यांनी बसवलेली.) एआय घेतल्यावर वेळ १९ टक्के जास्त लागला, आणि मंडळींना वाटत होतं आपण २० टक्के लवकर उरकलं! ही माणसं स्वतःच्या जुन्या, ओळखीच्या प्रोग्रामवर काम करत होती, आणि अवजारंही त्यानंतर सुधारलीत. नवशिक्याला किंवा छोट्या कामाला वेगळा अनुभव येऊ शकतो. म्हणूनच प्लॉट आपल्या रानात हवा.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटनं, काही बदलू नको असं बजावलेलं असताना, एका उद्योजकाची चालू माहिती पुसून टाकली. खऱ्या हिशेबाला एजंटचा हात लागू देऊ नये, नक्कल करून द्यावी.

वर्गणी आधी एकाच महिन्याची भरा. रोजच्या कामांच्या चिठ्ठ्या करा, निम्मी एजंटकडून, निम्मी हातानं. घड्याळ लावा, आणि नंतर दुरुस्तीत गेलेला वेळ त्याच खात्यावर मांडा.